आधी भरा, मग भांडा!

घरपट्टीच्या आकारणीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. पण त्या हक्कापुढे अटींची अशी रांग उभी आहे की सामान्य मालमत्ताधारक तिथवर पोहोचतच नाही. परिणामी त्याला न्याय मिळत नाही. मिळालीच तर निवडणुकीच्या तोंडावर माफी मिळते.

केंद्रीय अर्थसंकल्पात प्राप्तिकराचा एखादा टप्पा किंचित जरी सरकला, तरी देशभर आठवडाभर चर्चा होते. वस्तू व सेवा कराच्या दरांवर राज्यांचे अर्थमंत्री तासन्‌तास वाद घालतात. मात्र ज्या कराचे बिल थेट दारात येऊन पडते, जो आकारताना उत्पन्न किती हे कोणी विचारत नाही आणि ज्यातून निवृत्त शिक्षक किंवा छोटा दुकानदारही सहसा सुटत नाही, त्या मालमत्ता कराची गंभीर चर्चा आपल्याकडे अपवादानेच होते. झालीच तर ती दोन टोकांवरून होते. अर्थतज्ज्ञ म्हणतात, हा कर फारच कमी वसूल होतो. नागरिक म्हणतात, तो फारच जास्त आहे. दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. ते तसे का, याचे उत्तर कराच्या दरात शोधून सापडत नाही. आकारणीवर दाद मागण्याची जी व्यवस्था आपण उभी केली आहे, तिच्यात ते दडलेले आहे.

अर्थतज्ज्ञांची तक्रार निराधार नाही. भारतात मालमत्ता करातून मिळणारे उत्पन्न सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पाव टक्क्याहूनही कमी आहे. २०१६-१७च्या आर्थिक पाहणीत उपग्रहाच्या छायाचित्रांच्या आधारे केलेल्या अभ्यासाने दाखवले होते की, बेंगळूरु आणि जयपूर ही शहरे आपल्या क्षमतेच्या केवळ ५ ते २० टक्के मालमत्ता कर गोळा करतात. म्हणूनच पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना अनुदान देताना अट घातली : राज्यांनी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि या कराची वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या वाढीशी सुसंगत वाढली पाहिजे. अट योग्यच होती. पण वसुलीचा दट्ट्या वाढला की आकारणीतल्या प्रत्येक चुकीची किंमतही वाढते. ती चूक दुरुस्त करणारी यंत्रणा उभारली नाही, तर वसुली वाढते ती आधीपासून नोंदवहीत असलेल्यांकडूनच. जे नोंदवहीतच नाहीत, त्यांना या वाढीची झळ लागत नाही.

चूक कुठे होते?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ४९व्या नोंदीनुसार, जमीन व इमारतींवरील कर हा राज्यांचा विषय आहे. राज्ये कायद्याने तो अधिकार स्थानिक संस्थांकडे सोपवतात. कर किती, हे दोन गोष्टींवर ठरते : मालमत्तेचे मूल्य आणि कराचा दर. दर सभागृहात ठरतो, त्यावर भाषणे होतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. मूल्य मात्र कार्यालयात ठरते आणि मालमत्ताधारकाला ते बहुतेक वेळा बिल हाती पडल्यावरच कळते.

मूल्य ठरवण्याची जुनी पद्धत वार्षिक भाडेमूल्याची. घर भाड्याने दिले तर वाजवी भाडे किती येईल, याचा अंदाज अधिकारी करत. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या घराचे मूल्य प्रमाणित भाड्यापलीकडे जाऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलत राय कपूर खटल्यात (१९८०) स्पष्ट केले आणि अनेक शहरांचे उत्पन्न त्या मर्यादेत अडकून पडले. शिवाय या पद्धतीत निरीक्षकाची मर्जी फार चाले. सारख्याच दोन घरांचे भाडेमूल्य निराळे निघे आणि त्या फरकामागचे कारण कागदावर सापडत नसे.

यावर उपाय म्हणून सूत्रे आली. पाटण्याने १९९३ मध्ये क्षेत्रफळ, रस्त्याचा प्रकार, बांधकाम आणि वापर यांवर आधारित आकारणी आणली. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ती वैध ठरवली. अहमदाबादने २००१ मध्ये, दिल्लीने २००४ मध्ये, बेंगळूरुने २००८ मध्ये आणि कोलकात्याने २०१७ मध्ये क्षेत्रफळाधारित पद्धती स्वीकारल्या. मुंबई २०१०पासून भांडवली मूल्याकडे वळली. निरीक्षकाची मर्जी कमी झाली, ही मोठीच सुधारणा होती.

पण सूत्राने चूक संपली नाही. तिने जागा बदलली. दिल्लीत वसाहतींचे ‘ए’ ते ‘एच’ असे आठ वर्ग आहेत, कोलकात्यात ‘ए’ ते ‘जी’ असे सात. रस्त्याच्या अलीकडची इमारत एका वर्गात आणि पलीकडची दुसऱ्या वर्गात पडली की दोन्ही घरांचा कर बदलतो. निवासी खोली व्यापारी म्हणून नोंदली गेली, बांधकामाचे वर्ष चुकले, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचे क्षेत्रफळ पक्क्या बांधकामात धरले गेले, पाडलेला भाग नोंदीत तसाच राहिला, यांपैकी एक चूकही बिल दुप्पट करायला पुरेशी आहे. निरीक्षकाची चूक निदान चूक म्हणून दिसत असे. सूत्राची चूक संगणकातून छापून येते आणि म्हणूनच ती नियमासारखी दिसते.

दारावरची तीन कुलपे

अशा चुकीविरुद्ध दाद मागता येते. जवळपास प्रत्येक राज्याच्या कायद्यात त्याची तरतूद आहे. आधी हरकत घ्यायची, त्यावर सुनावणी व्हायची आणि निकाल मान्य नसेल तर अपील करायचे. हे अपील दिल्लीत नगरपालिका कर न्यायाधिकरणाकडे, कोलकात्यात नगरपालिका आकारणी न्यायाधिकरणाकडे, मुंबईत लघुवाद न्यायालयाकडे आणि महाराष्ट्रातील इतर महानगरपालिकांत दिवाणी न्यायाधीशाकडे जाते. तमिळनाडूत नगरसेवकांमधून निवडलेल्या करविषयक अपील समित्या आहेत. महाराष्ट्राच्या नगर परिषद अधिनियमातही मालमत्ता कर अपील समितीची तरतूद आहे. कागदावर पाहिले तर व्यवस्था भरभक्कम वाटते.

प्रत्यक्षात या दाराला तीन कुलपे आहेत. पहिले मुदतीचे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६नुसार अपील १५ दिवसांत करावे लागते, तेही आयुक्तांकडे केलेल्या तक्रारीचा निकाल लागल्यानंतरच. दिल्लीत ही मुदत ३० दिवसांची आहे. कागदपत्रांच्या प्रती मिळवायच्या, नकाशा काढायचा, वकील शोधायचा आणि अर्ज तयार करायचा. नोकरी करणाऱ्या माणसाला पंधरवडा त्यातच पुरत नाही.

दुसरे कुलूप माहितीचे. शेजारच्या तशाच घराचे मूल्य किती धरले आहे, हे कळल्याशिवाय आपल्यावर अन्याय झाला की नाही हे कोणी कसे सांगणार? मूल्यनिर्धारणाच्या वादात तुलना हाच मुख्य पुरावा असतो. आकारणीची नोंदवही पाहण्यासाठी खुली असावी, असे अनेक कायदे म्हणतात. पण नागरिकाच्या हाती येणाऱ्या बिलात मूल्य कोणत्या घटकांनी ठरले याचा उलगडा क्वचितच असतो आणि तुलनेसाठी लागणारी यादी तर जवळजवळ कधीच नसते.

तिसरे आणि सर्वांत जड कुलूप पैशांचे. महाराष्ट्रात अपील दाखल होईपर्यंतचा वादग्रस्त कर आयुक्तांकडे जमा केल्याशिवाय ते विचारात घेतले जात नाही. दिल्लीतही वादातील रक्कम आधी भरावी लागते. कोलकात्यात तर नव्या मूल्यानुसार येणारा कर अपिलाच्या तारखेपर्यंत भरावा लागतोच, शिवाय अपील चालू असेपर्यंत तो भरत राहावा लागतो. भरणा थांबला की अपील आपोआप संपते.

याचा अर्थ काय होतो ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका निवृत्त लिपिकाच्या घराचा कर वर्षाला १२ हजार रुपये होता. फेरआकारणीत तळमजल्यावरची खोली दुकान म्हणून नोंदली गेली आणि बिल ३० हजारांचे आले. वाद १८ हजारांचा आहे, पण दाद मागायची तर ३० हजार भरायला हवेत. प्रकरण लांबले आणि मधल्या काळात तीन बिले आली, तर त्याच्या खिशातून ९० हजार गेलेले असतील. त्यातले ५४ हजार त्याच्या मते त्याने देणे लागतच नव्हते. वकिलाची फी वेगळी. शेवटी जिंकला तरी हाती काय येणार, याचा हिशोब तो पहिल्याच दिवशी करतो आणि गप्प बसतो. या गप्प बसण्याची नोंद कुठेच होत नाही. अपिलांची संख्या कमी दिसते आणि प्रशासन त्याचा अर्थ लोक समाधानी आहेत असा लावू शकते.

पहिली स्वतंत्र सुनावणी कोणती?

‘आधी भरा, मग भांडा’ या अटीला न्यायालयांनी वेळोवेळी मान्यता दिली आहे. अनंत मिल्स खटल्यात (१९७५) गुजरातला लागू असलेल्या याच कायद्यातील अट सर्वोच्च न्यायालयापुढे होती. न्यायालय म्हणाले, अपिलाचा हक्क कायद्यातून जन्माला येतो. तो देताना अटी घालण्याची मुभा विधिमंडळाला आहे. १९९२ मध्ये श्याम किशोर खटल्यात दिल्लीची अटही वैध ठरली. मात्र त्यात न्यायालयाने थोडी वाट मोकळी ठेवली. पैसे न भरता अपील दाखल करता येईल आणि रक्कम जमा करण्यासाठी वेळ देऊन सुनावणी पुढे ढकलता येईल. पण रक्कम जमा झाल्याशिवाय अपिलाचा निकाल देता येणार नाही.

या युक्तिवादाच्या मुळाशी एक गृहीतक आहे. अपील ही दुसरी पायरी असते. पहिल्या पायरीवर वाद एकदा तटस्थपणे ऐकला गेलेला असतो. म्हणून दुसऱ्या संधीसाठी किंमत मोजायला लावणे अन्यायाचे नाही. मालमत्ता कराच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. पहिल्या पायरीवर हरकत ऐकणारा अधिकारी महापालिकेने नेमलेला असतो आणि त्याच्या निकालाने ज्या तिजोरीत पैसा येणार असतो, ती तिजोरीही महापालिकेचीच असते. तो कितीही प्रामाणिक असला तरी तटस्थ नसतो. नागरिकाचे म्हणणे बाहेरचा माणूस पहिल्यांदा ऐकतो ते अपिलातच.

हाच भेद सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात ओळखला होता. बँकांच्या कर्जवसुलीच्या ‘सरफेसी’ कायद्यात कर्जदाराने दाद मागण्यापूर्वी बँकेने मागितलेल्या रकमेच्या ७५ टक्के जमा करावेत, अशी अट होती. नाव अपिलाचे असले तरी कर्जदाराच्या दृष्टीने ही पहिलीच सुनावणी आहे, असे सांगून न्यायालयाने ती अट रद्द केली. थकबाकीदार उद्योगाला लावलेला हा न्याय घरपट्टी भरणाऱ्या गृहस्थाला का लावू नये, याचे पटण्यासारखे उत्तर अजून मिळालेले नाही.

इतर करांशी तुलना केली तर विसंगती अधिकच बोचते. वस्तू व सेवा करात पहिल्या अपिलासाठी मान्य असलेला कर पूर्ण आणि वादातील कराच्या १० टक्के भरावे लागतात. सीमाशुल्काच्या पहिल्या अपिलात हे प्रमाण साडेसात टक्के आहे. प्राप्तिकरात वादातील मागणीच्या साधारण २० टक्के भरल्यास उरलेली वसुली अपिलाच्या निकालापर्यंत थांबवली जाते. म्हणजे कोट्यवधींचा वाद घेऊन येणाऱ्या कंपनीला दहावा हिस्सा भरून न्यायाचे दार उघडता येते आणि दोन खोल्यांच्या मालकाला मात्र पै न् पै मोजावी लागते.

मोठ्यांची वाट वेगळी

या व्यवस्थेचा जाच सर्वांना सारखा नाही. ज्यांच्याकडे साधने आहेत ते अपिलाची वाट सोडून रिट याचिका घेऊन थेट उच्च न्यायालयात जातात. मूल्य चुकीचे आहे एवढेच म्हणून न थांबता ते नियमालाच आव्हान देतात. मोबाइल मनोऱ्यांवर मालमत्ता कर लावता येतो की नाही, हा प्रश्न असाच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मनोरे इमारतीच्या व्याख्येत बसतात, असा निकाल डिसेंबर २०१६ मध्ये लागला. कंपन्या हरल्या, पण तोवर कित्येक वर्षे गेली होती.

मुंबईचे प्रकरण याहून बोलके आहे. भांडवली मूल्याच्या नियमांत मोकळ्या जमिनीचे मूल्य ठरवताना तिच्यावर पुढे किती बांधकाम होऊ शकेल, ही शक्यताही धरली जात होती. मालमत्ताधारकांच्या संघटनेने आव्हान दिले. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये संबंधित नियम रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. जमिनीचे मूल्य आज ती जशी आहे त्यावरून ठरवले पाहिजे, उद्या तिच्यावर काय उभे राहू शकेल यावरून नव्हे, हे तत्त्व प्रस्थापित व्हायला पद्धत लागू झाल्यापासून बारा वर्षे लागली. एवढी वर्षे एकट्या घरमालकाने हा लढा दिला असता का? आणि त्या बारा वर्षांत महापालिकेने या नियमांच्या आधारे बांधलेल्या अंदाजपत्रकांचे काय?

म्हणजे दाद मागण्याची व्यवस्था कमकुवत ठेवून महापालिकेचाही फायदा होत नाही. किरकोळ चुका दुरुस्त होत नाहीत आणि मोठे वाद न्यायालयात अडकून पडतात. छोट्या, स्वस्त आणि जलद सुनावणीतून नियमातला दोष दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच उघडा पडला असता.

न्यायाऐवजी माफी

दाद मागण्याची वाट बंद झाली म्हणून असंतोष संपत नाही. तो नगरसेवकाच्या कार्यालयात जातो, तिथून आमदाराकडे आणि शेवटी मंत्रिमंडळाच्या बैठकीत पोहोचतो. तिथे एकेका घराचे मूल्य तपासता येत नाही, म्हणून सरसकट निर्णय होतात.

तमिळनाडूचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. तिथल्या नागरी स्थानिक संस्थांची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये झाल्या. सभागृहच नव्हते, तेव्हा नगरसेवकांमधून निवडायची अपील समिती तरी कुठून असणार? याच काळात, २०१८ मध्ये, राज्य सरकारने मालमत्ता कर मोठ्या प्रमाणावर वाढवला. नाराजी साचत गेली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये, स्थानिक निवडणुकांचे वारे वाहू लागताच, ती वाढ स्थगित झाली. जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांत वळती करण्याचे ठरले. निवडणुका आटोपल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये घराच्या आकारानुसार व वापरानुसार २५ टक्क्यांपासून १५० टक्क्यांपर्यंतची वाढ जाहीर झाली. आधी वाढ, मग माघार, मग त्याहून मोठी वाढ. या संपूर्ण प्रवासात, एखाद्या घराचे मूल्य बरोबर आहे की चूक, हा साधा प्रश्न सर्वांत मागे राहिला.

इतर शहरांत तपशील वेगळे असले तरी तऱ्हा तीच आहे. हैदराबादेत थकबाकीवरील ९० टक्के व्याज माफ करणारी एकरकमी योजना पुन्हा पुन्हा जाहीर होत आली. बेंगळूरुत २०२४ मध्ये दंड आणि व्याजात मोठी सवलत देण्यात आली. दिल्लीत २०२५च्या ‘सुनियो’ योजनेत चालू वर्षाचा आणि आधीच्या पाच वर्षांचा कर भरल्यास त्यापूर्वीची सगळी थकबाकी माफ झाली. मुंबईत २०२२च्या आरंभी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना कर माफ करण्याचा निर्णय झाला. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरांना १९७०पासून मिळणारी ४० टक्के सवलत काढली गेली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने ती परत आली.

यांतील एखादा निर्णय समर्थनीय असू शकतो. छोट्या घरांना सूट देण्यामागे सामाजिक न्यायाचा विचार आहेच. पण अभय योजनांची सवय जडली की दोन गोष्टी घडतात. वेळेवर कर भरणारा मूर्ख ठरतो. पुढच्या योजनेची वाट पाहणारा शहाणा. आणि ज्याची थकबाकी खरोखरच चुकीच्या आकारणीतून निर्माण झाली होती, त्यालाही थकबाकीदार म्हणून सवलत घ्यावी लागते. चूक महापालिकेची होती, हे कागदावर येतच नाही. म्हणून पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा छापली जाते. न्याय नोंद बदलतो. माफी फक्त रक्कम बदलते.

बिलाआधी वाद मिटवा

यावर उपाय नवा नाही. डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या वित्त आयोगाने कामगिरीवर आधारित अनुदानासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत प्रत्येक राज्याने मालमत्ता कर मंडळ स्थापावे, ही एक अट होती. या मंडळाने महापालिकांना मूल्यनिर्धारणाची स्वतंत्र आणि पारदर्शक पद्धत घालून द्यावी आणि मार्च २०१५पर्यंत राज्यातील एकूण अंदाजित मालमत्तांपैकी २५ टक्के मालमत्तांची नोंद व तपासणी करावी, अशी अपेक्षा होती. अनेक राज्यांनी अनुदानासाठी कायदे केले, अधिसूचना काढल्या. पण मूल्य ठरवण्याचे प्रत्यक्ष काम महापालिकांच्या कर विभागांतून बाहेर पडले नाही. याला जुना अपवाद पश्चिम बंगालचा. तिथे १९७८च्या कायद्याने केंद्रीय मूल्यनिर्धारण मंडळ उभे राहिले आणि कर गोळा करणाऱ्या नगरपालिकेपासून मूल्य ठरवण्याचे काम वेगळे काढण्यात आले. केरळमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निर्णयांविरुद्ध दाद मागण्यासाठी जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचे स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. म्हणजे सुट्या सुट्या कल्पना आपल्याकडे आहेत. त्यांची जुळणी झालेली नाही.

ही जुळणी कशी असू शकते, हे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाहायला मिळते. तिथे मूल्य महापालिका ठरवतच नाही. ते काम प्रांतपातळीवरील स्वतंत्र संस्थेकडे आहे. आदल्या वर्षीच्या १ जुलैचा बाजारभाव धरून ठरवलेल्या मूल्याची सूचना जानेवारीच्या आरंभी घरोघर जाते. शेजारच्या घराचे मूल्य किती धरले आहे, हे कोणालाही पाहता येते. पटले नाही तर ३१ जानेवारीपर्यंत तक्रार करायची. पहिल्या सुनावणीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मार्चच्या मध्यापर्यंत स्थानिक पुनर्विलोकन समित्या निर्णय देतात. कराचे बिल येते त्यानंतर काही महिन्यांनी. मूल्याचा बहुतेक वाद बिलाआधीच मिटलेला असल्याने ‘आधी भरा’ हा प्रश्न पहिल्या सुनावणीत उद्भवतच नाही.

तिथली संपन्नता आपल्याकडे नाही. अभिलेखही तितके नेटके नाहीत. पण हा क्रम पाळायला संपन्नता लागत नाही. राज्यांनी पाच गोष्टी केल्या तरी चित्र बदलेल. पहिली, मूल्याची सूचना आणि कराचे बिल यांत किमान तीन महिन्यांचे अंतर ठेवावे. दुसरी, सूचनेत क्षेत्रफळ, वापर, वर्ग, बांधकामाचे वर्ष आणि सूत्रातील प्रत्येक गुणक लिहावा; त्याच रस्त्यावरील तुलनायोग्य मालमत्तांची मूल्येही द्यावीत. तिसरी, पहिली सुनावणी महापालिकेच्या अधिकाऱ्याकडे न ठेवता प्रभाग पातळीवरील त्रिसदस्य मंडळाकडे द्यावी : एक न्यायिक अनुभवाचा सदस्य, एक मूल्यनिर्धारणाचा जाणकार आणि एक नागरिक. हे मंडळ राज्य कर मंडळाने नेमावे, म्हणजे सभागृहाची मुदत संपली तरी ते चालू राहील. महाराष्ट्रातील बहुतेक महानगरपालिकांनी २०२२नंतरची काही वर्षे प्रशासकराज अनुभवले आहे. त्यांना या मुद्द्याचे महत्त्व सांगायला नको. चौथी, वाद चालू असताना आधीच्या मूल्यानुसार येणारा कर आणि वादातील रकमेच्या १० टक्के, एवढाच भरणा पुरेसा मानावा. पाचवी, मंडळाचे निर्णय नावे वगळून प्रसिद्ध करावेत. एकाच वस्तीतून एकाच प्रकारच्या शंभर तक्रारी मान्य झाल्या, तर बाकीच्यांनी अर्ज करण्याची वाट न पाहता तिथले सर्व मूल्यांकन दुरुस्त व्हावे.

यावर महापालिकांचा आक्षेप काय असेल, ते उघड आहे. अट शिथिल झाली की प्रत्येक जण अपील करील, वसुली ठप्प होईल आणि रस्ते-पाण्याचा खर्च कसा भागवायचा? चिंता खोटी नाही. शहरांची अवस्था बेताची आहे आणि कर बुडवण्यासाठी अपिलाचा आधार घेणारेही असतात. पण आधीच्या मूल्यानुसार कर भरणे बंधनकारक राहिले तर चालू वसुली थांबत नाही. अडते ती फक्त वाढीव आणि वादग्रस्त रक्कम. ९० दिवसांत निकाल देण्याचे बंधन आणि हरल्यास व्याजासह भरणा, अशी तजवीज केली तर वेळकाढूपणाला वाव उरत नाही. जिंकणाऱ्यालाही त्याच दराने व्याजासह परतावा मिळाला पाहिजे.

शिवाय खुली तुलना दोन्ही बाजूंनी चालते. शेजाऱ्याचे मूल्य आपल्यापेक्षा निम्मे का, असा प्रश्न नागरिक विचारू लागले की, कमी आकारणी झालेल्या आणि नोंदवहीत नसलेल्या मालमत्ताही उजेडात येतात. आर्थिक पाहणीने उपग्रहाच्या छायाचित्रांतून जी गळती शोधली, ती शोधण्याचे काम गल्लीतला माणूस अधिक स्वस्तात आणि अधिक अचूकपणे करू शकतो. त्यासाठी त्याच्या प्रश्नाची दखल घेणारे कोणीतरी हवे.

७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना शासनाचा तिसरा स्तर म्हणून मान्यता दिली, त्याला तीन दशके उलटून गेली. त्या स्तराच्या हाती खऱ्या अर्थाने स्वतःचा म्हणावा असा मोठा कर एकच आहे. तो वाढला पाहिजे, यात शंका नाही. पण ज्या कराचे मूल्य विचारता येत नाही, तो नागरिक कर म्हणून न भरता खंडणी म्हणून भरतो आणि पहिली संधी मिळताच माफी मागतो. महापालिकांना माफीच्या या फेऱ्यातून सुटायचे असेल, तर बिलावर प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी थकबाकीदार समजणे थांबवावे. नोंद दुरुस्त व्हावी म्हणून धडपडणारा माणूस हा त्यांच्या तिजोरीचा सर्वांत भरवशाचा करदाता असतो.